ठरलेली सेटलिस्ट की रोज नवी? मेटल शोचे तुमचे अनुभव

दुहेरी_पेडल:
भाची जर्मनीत शिकते. तिला आयर्न मेडन या ब्रिटिश मेटल बँडच्या शोचं तिकीट मिळालंय. त्या आनंदात काल तिने मला आख्खी प्लेलिस्ट पाठवली. म्हटलं वा, निवड छान आहे. तर म्हणे, "मामा, मी काही निवडलं नाहीये, हीच सेटलिस्ट आहे. याच क्रमाने वाजवणार." आदल्या शोची यादी नेटवर असते, ती उतरवून घेतली. कुठल्या गाण्याला टॉयलेटला जायचं तेसुद्धा बाईंचं ठरलंय.

मला एकदम १ फेब्रुवारी २००८ आठवला. बीकेसीचं मैदान. समव्हेअर बॅक इन टाइम टूरचा तो पहिलाच शो, त्यामुळे काय वाजणार हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. ऐंशीच्या दशकातली गाणी असतील एवढाच अंदाज. चर्चिलचं भाषण लागलं तेव्हा त्यामागून एसेस हाय हे गाणं येणार हे शेंबड्या पोरालाही कळलं, ते सोडा. पण मध्यावर राइम ऑफ दि एन्शंट मरिनर! तेरा मिनिटांचं गाणं, ऐंशीच्या दशकानंतर त्यांनी स्टेजवर काढलंच नव्हतं. माझ्या शेजारी डोंबिवलीचा एक मुलगा होता, त्याने पहिल्या दोन सुरांत ओळखलं आणि माझीच कॉलर धरून मला गदागदा हलवायला लागला. मधे गाणं थांबतं, जहाजाच्या लाकडांची करकर ऐकू येते, तेव्हा एवढ्या गर्दीत कुणी शिट्टीसुद्धा मारली नाही. पुढच्या शहरांतल्या लोकांनी तेच गाणं ऐकलं, पण ते येणार हे माहीत असताना.

माझं म्हणणं एवढंच, सगळं बदलू नका, पण दोन-तीन जागा तरी मोकळ्या ठेवा. तुमचे अनुभव लिहा.

वरणभात:
बीकेसीला मीपण होते!!! तुम्ही कुठल्या बाजूला होतात? आम्ही डावीकडे, धूळ खात. नंतर कुर्ला स्टेशनपर्यंत चालत, कारण रिक्षावाले काळे टीशर्ट बघून थांबेचनात. घरी आईने विचारलं, मयताला गेली होतीस का.

अजून_एक_पुणेकर:
असहमत. (नाव वाचून अपेक्षित असेलच.)

मेडन म्हणजे मैफल नव्हे, नाटक आहे. प्रत्येक गाण्याला मागचा पडदा बदलतो, त्यांचा तो एडी नावाचा राक्षसी पुतळा ठरलेल्या वेळी येतो, २०१८च्या टूरला तर डोक्यावर आख्खं स्पिटफायर विमान लटकत होतं. ते एसेस हायसाठी. उद्या त्यांनी एसेस हाय वगळलं तर विमानाचं काय करायचं, लग्नाला भाड्याने द्यायचं? पन्नासाव्या प्रयोगाला संवाद तेच कसे म्हणून कुणी नाट्यगृहात भांडत नाही. रोज वेगळा राग हवा असेल तर सवाईला या, डिसेंबरात.

वरणभात:
पण संगीत नाटकात वन्स मोअर असायचा की! बालगंधर्वांना एकाच पदाला किती वेळा वन्स मोअर मिळायचा. तेव्हा नाटक थांबायचंच ना?

अजून_एक_पुणेकर:
वन्स मोअरने गाणं बदलत नाही ताई, वाढतं.

लाइटवाला:
या धंद्यात आहे म्हणून लिहितो. मोठ्या मेटल शोला एकेका गाण्याचे ढीगभर क्यू, म्हणजे कुठला लाइट कधी लागणार याच्या सूचना, कन्सोलवर आधीच भरलेले असतात. बऱ्याच बँडचा ड्रमर कानात क्लिक (तालाची टिकटिक) ऐकून वाजवतो आणि त्याच घड्याळावर, म्हणजे टाइमकोडवर, लाइट, व्हिडिओ, कधीकधी आगसुद्धा सुटते. आग म्हटलं की सुरक्षितता आली. रामस्टाइन या जर्मन बँडचा गायक कुठे उभा आहे हे ज्वाला सोडणाऱ्याला सेकंदावर माहीत पाहिजे. तिथे "आज मूड आला, दुसरं घेऊ" चालत नाही. भाजेल ना माणूस.

तरी मोकळी जागा ठेवता येते. सेटच्या मधे एक-दोन गाणी अशी ठेवायची, ज्यांना साधा रंग आणि हाताने चालवलेले लाइट पुरतात. मला वैयक्तिक तीच गाणी आवडतात, कारण तेवढीच पाच मिनिटं मी खरं काम करतो, बाकी वेळ बटण दाबणारा.

चष्मिष:
वाचतेय. खालच्या मजल्यावरचे ड्रिल करतायत, मेटलच समजा.

बेसवाला:
लाइटवाले दादा, सोबत गिटारच्या ट्यूनिंगचंही लिहायला हवं होतं. मागे रॅकवर गिटारी लटकवलेल्या असतात, प्रत्येकीच्या मानेवर टेप आणि त्यावर मार्करने ट्यूनिंग. मेटालिका बँडवाले लाइव्हला सगळंच अर्धा सूर खाली वाजवतात, सॅड बट ट्रू त्याहूनही खाली. म्हणजे गाणं हलवलं की गिटार बदलायची, टेकचा माणूस अंधारात पळणार, गायकाने तेवढा वेळ काहीतरी बोलत राहायचं. म्हणून एका ट्यूनिंगची गाणी एकत्र लावतात. क्रम उगाच आलेला नसतो.

पण ज्याला करायचंय तो करतो. ड्रीम थिएटर बँडमध्ये माइक पोर्टनॉय हा ड्रमर होता तेव्हा सेटलिस्ट तोच लिहायचा. या शहरात मागच्या वेळी काय वाजवलं ते काढून बघायचा आणि ते टाळायचा. २०१० मध्ये तो गेला आणि त्यांच्या टूर बऱ्याच ठराविक झाल्या, व्हिडिओही वाढला. २०२३ मध्ये परत आला तेव्हा आमच्या ग्रुपवर पहिला प्रश्न ड्रमिंगबद्दल नव्हता, "आता सेटलिस्ट बदलणार का" हा होता.

हॅम्बुर्गी_मिसळ:
मेटालिकाने यावर तोडगा काढलाय ना. २०२३ला अ‍ॅमस्टरडॅमला सुरू झालेली एम७२ टूर: एका शहरात दोन रात्री, मधे एक दिवस सुट्टी, आणि दुसऱ्या रात्री पहिल्या रात्रीचं एकही गाणं नाही. आम्ही हॅम्बुर्गला गेलो, पण खिशाला परवडली एकच रात्र, शुक्रवारची. दुसऱ्या रात्रीचा शेवट एंटर सँडमनने. नवऱ्याला मेटालिकाचं तेवढं एकच गाणं येतं! पुढचा आख्खा आठवडा "तुझ्या बँडने माझं गाणं वाजवलं नाही" हे ऐकलं. आणि परतीच्या एस-बानमध्ये (तिथली लोकल) ही गर्दी, त्यात एक आजोबा डब्यातून बटाट्याचं सॅलड खात होते, मला पण दिलं. छान होतं, त्यात काकडीचं लोणचं घालतात.

वरणभात:
रेसिपी टाका.

हॅम्बुर्गी_मिसळ:
वेगळ्या धाग्यावर टाकते, इथे पुणेकर रागावतील.

मिरजेचा_मावळा:
मेटालिका, बेंगळुरू, ३० ऑक्टोबर २०११, पॅलेस ग्राउंड्स. दोन दिवस आधीचा दिल्लीकडचा शो रद्द झाला होता, त्यामुळे आम्ही बसमध्ये रात्रभर फक्त एवढंच बोलत होतो की हा तरी होतोय ना. अशा वेळी सेटलिस्टचं कुणाला पडलंय हो. त्यांनी ट्यूनिंग करून दाखवलं असतं तरी आम्ही ओरडलो असतो.

तुम्ही लोक जर्मनीतून बोलताय. तिथे दरवर्षी बँड येतो, मग वैविध्य वगैरे सुचतं. जो बँड आपल्याकडे आयुष्यात एकदा येणार त्याने मास्टर ऑफ पपेट्स सोडून कुठलं दुर्मीळ गाणं वाजवलं तर मी भर मैदानात रडेन. आमच्यासाठी तेच दुर्मीळ आहे.

दुहेरी_पेडल:
मावळे, मुद्दा मान्य. पण २००७ला बेंगळुरूला मेडन पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी नव्या अल्बमची पाच गाणी घेतली होती, आठवतंय? आपलं पहिलंच दर्शन, तरी त्यांनी स्वतःला हवं तेच वाजवलं. आधीच्या वर्षी तर परदेशात तो अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवत होते, लोक बोंबलत होते जुनी गाणी द्या म्हणून. मला तो हट्ट आवडतो.

मिरजेचा_मावळा:
हट्ट आवडतो कारण तुम्हाला २००८ मिळाला. माझी तेव्हा बारावी होती.

बेसवाला:
मेडन टूरच्या आत बदलत नाहीत, दोन टूरमध्ये भरपूर बदलतात, हे पण बघा. २०२३च्या टूरला नंबर ऑफ द बीस्ट नाही, रन टू द हिल्स नाही, आणि १९८६च्या अल्बममधलं अलेक्झांडर द ग्रेट पहिल्यांदा स्टेजवर. सदतीस वर्षं लोकांनी मागितलेलं गाणं. ल्युब्ल्यानाला पहिला शो झाला आणि तासाभरात सगळ्यांच्या फोनवर. मी ग्रुप म्यूट केला होता, पण ऑफिसातल्या एकाने लिफ्टमध्ये सांगितलं. अजून त्याच्याशी चहाला जात नाही.

हळदीकुंकू_आणि_हेडबँग:
कुणी वयाबद्दल बोलणार आहे का? ही मंडळी सत्तरीला टेकलीत. मेडनचा ड्रमर निको मॅकब्रेन, त्याला जानेवारी २०२३ मध्ये स्ट्रोक आला, उजवी बाजू गेली, आणि मे महिन्यात तो परत ड्रमवर. काही फिल्स (मधले ड्रमचे छोटे तुकडे) जमेनात म्हणून वेगळे करून वाजवायचा. डिसेंबर २०२४ला साओ पाउलोला टूर संपवून थांबला. त्याला मी काय म्हणणार, रोज नवीन गाणं बसव? माझे सासरे त्याच वयाचे, फिजिओला न्यायचं म्हटलं तरी तीन दिवस आधी सांगावं लागतं. आणि सासूबाईंना व्हिडिओ दाखवला तर म्हणाल्या, "एवढं घामाघूम होतोय, कुणीतरी पंखा लावा."

अजून_एक_पुणेकर:
सासूबाईंना माझा नमस्कार.

मिडलँड्स_मराठी:
बर्मिंगहॅम, ४ फेब्रुवारी २०१७, ब्लॅक सबाथ बँडच्या द एंड टूरचा शेवटचा शो. यादी आख्ख्या टूरमध्ये जवळपास तीच होती, शेवटी पॅरानॉइड असणार हे सगळ्यांना पाठ. माझ्या पुढचा माणूस त्याच गावचा, कारखान्यातून रिटायर झालेला. प्रत्येक गाण्याच्या आधी वळून मला गाण्याचं नाव सांगायचा, जणू मी पहिल्यांदाच ऐकतोय. एकदाही चुकला नाही. त्याला दुसरं काही नकोच होतं.
त्यांचा गायक ऑझी गेल्यावर (जुलै २०२५) तोच माणूस डोळ्यासमोर आला. असो, ऑफिसला निघतो.

रात्रपाळी:
आमचा कॉलेजचा बँड होता. गाणी मोजकीच येत होती, त्यामुळे सेटलिस्ट बदलायची म्हणजे क्रम उलटा करायचा. एका फेस्टिवलला आयोजकांनी आमची वेळ अर्धी केली आणि ऐन वेळी क्रम बदलला. ड्रमरने एक गाणं सुरू केलं, आम्ही दुसरं. लोकांना वाटलं प्रोग्रेसिव्ह आहे, म्हणजे मुद्दाम गुंतागुंतीचं. टाळ्या पडल्या.

बेसवाला:
हाहाहा, कुठलं कॉलेज? व्हिडिओ आहे का?

रात्रपाळी:
सुदैवाने नाही.

चष्मिष:
ड्रिल थांबलं. सगळं वाचलं. मी टीम लाइटवाला: मधली दोन गाणी मोकळी. आता सांगा, कानात घालायचे चांगले प्लग कुठले? नवऱ्याने मागच्या वेळी कापसाचे बोळे घातले होते आणि ते आत अडकले.

लाइटवाला:
कापूस नको ताई, त्याने आवाज फारसा कमी होत नाही. फोमचेही चालतात, पण नीट पिळून आत घालायचे. संगीतासाठीचे सिलिकॉनचे मिळतात, त्यात शब्द कळतात. आणि स्पीकरच्या समोर उभं राहायचं नाही, साउंडवाल्याच्या टेबलाजवळ राहा, आवाज तिथे सगळ्यात चांगला असतो.

वरणभात:
आणि त्या बोळ्यांचं पुढे काय झालं??