पॅच घडवताना आधी फिल्टरचा एन्व्हलप, मॉड्युलेशन नंतर: चर्चा

धागाकर्ता

सॉफ्टवेअर सिंथेसायझरची मॉड्युलेशन मॅट्रिक्स, म्हणजे कोणत्या घटकाने कोणता घटक हलवायचा हे जोडण्याची सारणी, उघडली की रिकाम्या ओळींची मोठी रांग दिसते आणि ती भरत गेले म्हणजे पॅच, म्हणजे सिंथेसायझरवर जुळवलेला आवाज, घडत जातो, असा समज पसरलेला आहे. माझे मत याच्या उलट आहे. ऑसिलेटरच्या भरगच्च तरंगातून फिल्टरने नको ते काढून टाकण्याच्या पद्धतीत आवाजाची ओळख तीन गोष्टींवर ठरते: कटऑफ (ज्या वारंवारतेच्या वरचे फिल्टर दाबू लागतो ती), फिल्टरचा एन्व्हलप (कळ दाबल्यापासून काळानुसार होणारा ठरावीक चढउतार) आणि तो एन्व्हलप कटऑफला किती वर नेतो याचे प्रमाण. ही तीन जमेपर्यंत एकही एलएफओ (दुसऱ्या घटकाला हलवणारा संथ, पुन्हापुन्हा फिरणारा तरंग) जोडू नये.

छेडलेल्या तारेतले वरचे हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या पटीतले घटक) आधी विरतात आणि खालचे मागे रेंगाळतात. ट्रम्पेट जोराने फुंकला की तो नुसता मोठा होत नाही, उजळही होतो. झाँ-क्लोद रिसे यांनी १९६०च्या दशकात बेल प्रयोगशाळेत संगणकाच्या साहाय्याने केलेल्या विश्लेषणात हे स्पष्ट दिसले होते. म्हणजे कान ज्यावरून वाद्य ओळखतो, त्यात उजळपणा काळानुसार कसा बदलतो याला मोठे स्थान आहे, आणि लो-पास, म्हणजे खालचे घटक जाऊ देणाऱ्या, फिल्टरवर बसवलेला एन्व्हलप नेमके तेच काम करतो. १९७० सालच्या मिनिमूग या सिंथेसायझरमध्ये सप्तकामागे २४ डेसिबल उतरणारा लॅडर फिल्टर आणि त्याला आवाजाच्या पातळीपासून वेगळा एन्व्हलप होता, आणि तेवढ्यातून निघालेले बेसचे स्वर आजही नमुना म्हणून वापरले जातात.

अनेकांचा गोंधळ प्रमाणाच्या नॉबपाशी होतो. कटऑफ आधीच वर ठेवून प्रमाणही वाढवले, तर एन्व्हलपचे शिखर ऐकू येण्याच्या मर्यादेपलीकडे जाते. डिकेचा, म्हणजे शिखरानंतरच्या उताराचा, पहिला भाग ऐकूच येत नाही, आवाज थोडा वेळ सपाट उजळ राहतो आणि मग एकदम मिटतो. मग लोक डिके कमी करत बसतात. खरे तर कटऑफ खाली आणायला हवा.

प्रतिसाद १

ट्रम्पेटचे उदाहरण आपल्याच विरुद्ध जाते. तिथे उजळपणा वाजवणाऱ्याच्या जोरामागे चालतो. स्वर सुरू होऊन किती वेळ झाला, एवढ्यावर तो ठरत नाही. ठरावीक एन्व्हलप मात्र प्रत्येक स्वराला तोच चढ आणि तोच उतार देतो, आणि सलग सोळा स्वर वाजले की कानाला शिक्का उमटवल्यासारखे वाटते. म्हणून एन्व्हलपचा आकार कोरत बसण्याआधी मी वेलोसिटी, म्हणजे कळ किती जोराने दाबली त्याचे माप, प्रमाणाला जोडतो. हलक्या बोटाने फिल्टर जेमतेम हलावा आणि जोराने पूर्ण उघडावा, हे साधल्यावर डिके थोडा इकडेतिकडे झाला तरी चालते.

की ट्रॅकिंगचा, म्हणजे वरच्या स्वराबरोबर कटऑफही वर नेण्याचा, तर आपण उल्लेखही केला नाही. कटऑफ ५०० हर्ट्झवर स्थिर असेल, तर १०० हर्ट्झच्या स्वराचे पहिले चार-पाच हार्मोनिक बऱ्यापैकी शाबूत राहतात. पण १००० हर्ट्झच्या स्वराचा मूळ घटकच कटऑफच्या एक सप्तक वर असल्यामुळे २४ डेसिबलच्या फिल्टरमध्ये तोच दबून जातो. खालच्या पट्टीत कोरलेला सुंदर एन्व्हलप वरच्या पट्टीत निरुपयोगी ठरतो. हे मॉड्युलेशनच आहे, आणि ते एन्व्हलपच्या आधी ठरवावे लागते.

धागाकर्ता

वेलोसिटी आणि की ट्रॅकिंग यांना मी एन्व्हलपची मोजपट्टी समजतो. माझा आक्षेप त्यांच्यावर नाही. मूळ मिनिमूगच्या कीबोर्डला वेलोसिटी नव्हती, १९७८च्या प्रॉफेट-५ला नव्हती, रोलँडच्या टीबी-३०३ मध्ये तर बोटांचा प्रश्नच नाही, कारण ते सिक्वेन्सरवर चालते. तरीही त्यांचे आवाज शिक्का मारल्यासारखे वाटत नाहीत. ठरावीक एन्व्हलपमुळे आवाज निर्जीव होतो, हा निष्कर्ष म्हणूनच मला पटत नाही.

प्रतिसाद २

टीबी-३०३ चा दाखला देताना त्याच्या आत काय चालते तेही पाहायला हवे. त्यातला अ‍ॅक्सेंट (निवडक स्वरांवर दिलेला जोर) केवळ पातळी वाढवत नाही, तो फिल्टरलाही वर ढकलतो. आणि अ‍ॅक्सेंटचे स्वर लागोपाठ आले, तर त्या भागातला कपॅसिटर पूर्ण रिकामा होण्याआधीच पुन्हा भरला जातो, त्यामुळे पुढचा स्वर आधीच्यापेक्षा अधिक उघडतो. एकाच स्वराचा आवाज त्याच्या आधी काय वाजले यावर अवलंबून राहतो. याला ठरावीक एन्व्हलप म्हणणे धाडसाचे आहे. शिवाय त्या यंत्रावरचे बहुतेक गाजलेले संगीत कटऑफ आणि रेझोनन्सचे (कटऑफजवळचे घटक उठावदार करण्याचे) नॉब वाजवतावाजवता हाताने फिरवून झालेले आहे. मॅट्रिक्स नव्हती, कारण ते काम हात करत होता.

प्रतिसाद ३

माझी हरकत दोन्ही पक्षांवर आहे. १९८३च्या यामाहा डीएक्स७ मध्ये फिल्टरच नाही. त्यात सहा ऑपरेटर (तरंग निर्माण करणारे घटक) आहेत, प्रत्येकाला स्वतःचा एन्व्हलप आहे, आणि जो ऑपरेटर दुसऱ्याची वारंवारता हलवतो त्याचा एन्व्हलप म्हणजेच आवाजाच्या उजळपणाचा आलेख. ही पद्धत शोधणारे जॉन चाउनिंग यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात मॉड्युलेशनची मात्रा पातळीच्या एन्व्हलपबरोबर वाढवून पितळी वाद्यांसारखा स्वर कसा मिळतो हे दाखवले आहे. तिथे मॉड्युलेशन काढले तर एन्व्हलपला हलवायला काही उरत नाही. बुक्लाच्या सिंथेसायझरमधल्या लो-पास गेट या भागामध्ये पातळी आणि उजळपणा एकाच प्रकाशसंवेदी घटकामुळे एकत्र उतरतात; तो घटक सावकाश सावरतो, म्हणून आवाजाला आपोआप शेपूट मिळते. तेव्हा आधी काय आणि नंतर काय, हा क्रम विशिष्ट रचनेच्या यंत्रांपुरताच खरा आहे.

प्रतिसाद ४

बेस आणि छेडलेल्या स्वरांसाठी धागाकर्त्यांचे म्हणणे बऱ्याच अंशी लागू पडेल, पण पॅडचे, म्हणजे लांब धरलेल्या पार्श्वस्वरांचे, काय? स्वर दहा सेकंद धरला, तर एन्व्हलप पहिल्या दोनतीन सेकंदांतच सस्टेनवर (कळ धरलेली असेपर्यंतच्या स्थिर पातळीवर) येऊन थांबतो आणि त्यानंतर फिल्टर जागचा हलत नाही. पुढची सगळी हालचाल एलएफओनेच येते. तोही प्रत्येक स्वराबरोबर नव्याने सुरू होऊ न देता मोकळा चालू ठेवावा, म्हणजे दोन स्वर सारखे सुरू होत नाहीत. १९८४च्या जुनो-१०६ मध्ये प्रत्येक स्वराला एकच एन्व्हलप आहे, फिल्टर आणि पातळी यांत वाटून घेतलेला. आणि तरीही ते यंत्र पॅडसाठीच नावाजले गेले, यात त्याच्या कोरसचा (आवाजाच्या किंचित हललेल्या प्रती मिसळून तो भरदार करणाऱ्या सोयीचा) वाटा मोठा आहे.

हात हाच मॉड्युलेटर, या मुद्द्याला एक व्यावहारिक पुरवणी. साध्या मिडी कंट्रोलरच्या, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडलेल्या बाहेरच्या फळीच्या, नॉबला १२८ पायऱ्या असतात. कटऑफचा पल्ला दहा सप्तकांचा धरला, तर एक पायरी जवळपास एका अर्धस्वराएवढी पडते, आणि रेझोनन्स जास्त असेल तर नॉब सावकाश फिरवताना त्या पायऱ्या स्पष्ट ऐकू येतात. सॉफ्टवेअरने त्या मधल्या जागा भरून काढल्या नाहीत, तर अशा संथ उघडझापेसाठी लांब अटॅकचा (सुरुवातीच्या चढाचा) एन्व्हलप हातापेक्षा बरा.

धागाकर्ता

पॅडसाठी एलएफओ हवा, हे मान्य. माझा मुद्दा क्रमाचा आहे. आपला कोणताही तयार पॅच घ्यावा आणि मॅट्रिक्समधल्या ओळी एकेक करून बंद कराव्यात. बहुतेक ओळी बंद झाल्याचे कळतही नाही. फिल्टरच्या एन्व्हलपचे प्रमाण शून्यावर आणले की मात्र पॅच ओळखू येत नाही.

प्रतिसाद १

ही कसोटी एकच स्वर दाबून घेतली तर आपण म्हणता तसेच होईल, कारण वेलोसिटी आणि की ट्रॅकिंग यांचा परिणाम एका स्वरात दिसतच नाही. तो दोन स्वरांमधल्या फरकात असतो. तीच कसोटी तीन सप्तकांत, हलक्या आणि जड बोटांनी एक संपूर्ण ओळ वाजवून घ्यावी, आणि मग कोणती ओळ बंद केल्यावर वादन मोडते ते इथे लिहावे.