आठवीला कन्याशाळा: खो-खो, एनसीसी की नुसता अभ्यास?

माणदेशी_आई

नमस्कार. माझी मुलगी जूनपासून आठवीला जाणार. गावातली झेडपीची शाळा सातवीपर्यंतच आहे म्हणून तालुक्याच्या कन्याशाळेत नाव घातलंय. आत्तापर्यंत वर्गात मुलं-मुली मिळून वीस-बावीस पोरं, आता एकदम साठ मुलींचा वर्ग. प्रवेश घ्यायला गेलो तर बाईंनी एक फॉर्म दिला की एनसीसी, गाइड, खो-खो, लेझीम, चित्रकलेच्या परीक्षा यातलं काय घेणार ते लिहून आणा. लेकीला खो-खो पाहिजे आणि एनसीसी पण पाहिजे, फॉर्म हातात आल्यापासून दुसरा विषयच नाही तिला. सासूबाई म्हणतात पोरगी शिकायला जातीय का उड्या मारायला. मिस्टर म्हणतात आठवी-नववीत पाया कच्चा राहिला तर दहावीला रडत बसावं लागंल. आणि माझी खरी काळजी एसटीची आहे, शाळा पाचला सुटते, साडेपाचची गाडी गेली की डायरेक्ट सातची, म्हणजे प्रॅक्टिसला थांबली तर दीड तास स्टँडवर, पावसाळ्यात तर अंधारच. मी स्वतः दहावीपर्यंत मिक्स शाळेत होते, तिथं मुली मैदानावर जायच्याच नाहीत, त्यामुळं मला यातलं काही म्हणजे काहीच माहीत नाही. मुलींच्या शाळेत शिकलेल्यांनी जरा मोकळेपणानं सांगा, यातलं काय घेऊ द्यावं?

पेठेतली_पोर

ताई, पाचवी ते दहावी पुण्यात मुलींच्या शाळेत होते त्यामुळे पोटतिडकीने लिहितेय, लांबलं तर वाचून घ्या.

पहिली गोष्ट, मुलींच्या शाळेत सगळी कामं मुलीच करतात आणि याचा किती फरक पडतो ते बाहेर पडल्यावर कळतं. गॅदरिंगला स्टेजसाठी बाकं उचलायची, माइकची वायर ओढायची, पडदा बांधायला शिडीवर चढायचं, सगळं आम्हीच. नाटकात शिवाजी महाराज मुलगी, अफझलखान पण मुलगी, ढोल-ताशा मुली वाजवणार आणि ध्वजही मुलीच नाचवणार. विज्ञान प्रदर्शनात मॉडेलचं वायरिंग कोण करणार असा प्रश्नच नाही, कारण करणारं दुसरं कुणी नाहीच. पुढे कॉलेजला गेल्यावर प्रॅक्टिकलला मुलगे पटकन पुढे सरकायचे आणि बऱ्याच मुली वहीत रीडिंग लिहायला मागे थांबायच्या, आमच्या शाळेतून गेलेल्या मात्र थेट उपकरणाला हात घालायच्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

दुसरं म्हणजे भोंडला. हस्त नक्षत्रात पाटावर हत्ती काढून मैदानात फेर धरायचे, मोठ्या वर्गातल्या मुली आतल्या फेरात, लहान बाहेर, आणि मग खिरापत ओळखायची. आमच्यात वर्गावर्गात चढाओढ असायची की दुसऱ्यांना ओळखताच येणार नाही असं काहीतरी आणायचं. नवीन आलेल्या मुलीची ओळख होते ती अशाच वेळी. तुमची लेक छोट्या शाळेतून साठच्या वर्गात येतेय, पहिले दोन महिने गप्प गप्प राहील, घाबरू नका. पण कुठल्यातरी एका ग्रुपमध्ये असली, मग ती टीम असो की लेझीम, तर लवकर रुळेल. वर्गात साठजणी असल्या की बाईंना नाव लक्षात राहायलाच दिवाळी उजाडते, टीममधल्या पोरींची नावं मात्र आठवड्यात सगळ्यांना पाठ होतात.

पीटी_बाई_सांगली

मी कन्याशाळेत शारीरिक शिक्षण शिकवते म्हणून लिहिते.

खो-खो आणि एनसीसी दोन्ही एकदम नको. मुलीला झेपत नाही म्हणून नाही, वेळा एकमेकांवर येतात म्हणून. शालेय स्पर्धा साधारण पावसाळ्यापासून सुरू होतात, तालुका मग जिल्हा मग विभाग, आणि एनसीसीची परेड, कॅम्प पण त्याच सुमाराला येतात. एनसीसी शाळेत आठवी-नववी अशी दोन वर्षं असते, शेवटी ए सर्टिफिकेटची परीक्षा. जागा मर्यादित असतात, पळायला लावतात, उंची बघतात, त्यामुळे फॉर्मवर लिहिलं म्हणजे मिळालं असं नाही. दहा दिवसांचा वार्षिक कॅम्प असतो, घर सोडून राहायचं, घरच्यांची तयारी आहे का ते आत्ताच ठरवा. आयत्या वेळी आई-बाप नाही म्हणतात आणि पोरगी हिरमुसते, दरवर्षी बघते मी हे.

खो-खोचं म्हणाल तर ज्या मुलीला स्वतःहून खेळायचंय तिला अडवू नका. मैदानात नऊजणी उतरतात, आठ चौकात बसतात, एक पळते, राखीव धरून टीम बाराची, म्हणजे एका टीममध्ये बऱ्याच मुलींना संधी. खर्च जवळजवळ काही नाही. आणि खेळ आपल्या मातीतला आहे, २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत पहिला खो-खो वर्ल्ड कप झाला त्यात आपल्या मुलींनी फायनलला नेपाळला हरवलं, कॅप्टन प्रियांका इंगळे आपल्या महाराष्ट्राची. धाराशिवच्या सारिका काळेला २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला तोही खो-खोसाठी. सासूबाईंना हे जरूर सांगा.

दहावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, पण ते जिल्हा पातळीपासून पुढच्या कामगिरीवर, त्यामुळे मार्कांसाठी म्हणून खेळायला पाठवू नका.

आता एसटी. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून बारावीपर्यंत पास फुकट आहे, तो शाळेतून भरून घ्या. त्याच रूटच्या अजून किती मुली प्रॅक्टिसला थांबणार ते पीटीच्या बाईंना विचारा. पाच-सहाजणी असल्या की आम्ही प्रॅक्टिस सकाळी शाळेआधी घेतो, किंवा मुख्याध्यापिकांच्या सहीचं पत्र डेपोत देतो की गाडी अर्धा तास उशिरा सोडा. प्रत्येक वेळी ऐकतातच असं नाही, पण पत्रावर पालकांच्या सह्या असल्या तर नक्की बघतात. एकटीला स्टँडवर थांबवू मात्र नका, त्यात तुमचं बरोबर आहे.

अजून एक, कुणी मोकळं विचारत नाही म्हणून मी लिहिते. शाळेत गेलात की बाथरूम स्वतः आत जाऊन बघून या, पाणी आहे का, कडी लागते का, पॅड मिळायची आणि टाकायची सोय आहे का. आठवीतल्या मुली खेळ सोडतात त्याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं आणि घरी सांगतात की कंटाळा आला.

वऱ्हाडी_बाबा

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. माझी मोठी मुलगी आता अकरावीला आहे, तीही मुलींच्याच शाळेत होती. खेळ वगैरे चांगलंच आहे पण आठवीचं वर्ष परीक्षेचंही असते हे विसरू नका. आठवीची शिष्यवृत्ती परीक्षा २०२५-२६ पर्यंत होती, पण एनएमएमएस असते. एनएमएमएस म्हणजे ज्यांचं घरचं वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आहे अन मूल सरकारी किंवा अनुदानित शाळेत आहे त्यांच्यासाठी, पास होऊन यादीत नाव लागलं तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये थेट खात्यात. पेपर दोन, बुद्धिमत्तेचा ९० चा आणि शालेय विषयांचा ९० चा. सातवीत ५५ टक्के लागतात. खेड्यातल्या किती हुशार पोरी याला बसतच नाहीत कारण कुणी सांगतच नाही. जून लागल्याबरोबर शाळेत विचारा, क्लास घेतात का ते.

माझ्या पोरीनं खेळ न घेता चित्रकलेची एलिमेंटरी अन मग इंटरमिजिएट केली. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती-अक्षरलेखन असे पेपर असतात, सराव घरी करता येतो, गाडी चुकायचा प्रश्न नाही. इंटरमिजिएटला ए ग्रेड आली तर दहावीला ७ मार्क वाढतात, बी ला ५, सी ला ३. ज्या घरातून पोरीला उशिरा येऊ द्यायची तयारी नाही त्यांच्यासाठी हा मार्ग मला बरा वाटते.

पेठेतली_पोर

दादा एनएमएमएसचं अगदी बरोबर, ते करायलाच हवं. पण मुलीने मागितलंय खो-खो आणि आपण तिला घरात बसून करता येईल असं काहीतरी देतोय, हे मला नाही पटत. चित्रकला आवडत असेल तर जरूर, पण गाडीच्या वेळेमुळे नको. गाडीचा प्रश्न गाडीने सोडवू ना.

जुनी_पानं

एक भर घालतो. पोरीला शाळेत इतका वेळ कशाला, हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. हुजूरपागा ही मुलींची शाळा १८८४ ला पुण्यात सुरू झाली, न्या. रानडे, वामनराव मोडक, डॉ. भांडारकर ही मंडळी त्यामागे होती. तेव्हा टिळकांच्या 'मराठा'तून टीका झाली, मुलींना मुलांचाच अभ्यासक्रम कशाला आणि ११ ते ५ शाळा कशाला, घरकाम कधी शिकणार. त्या वेळी वेळ कमी केली असती तर पुढचं काय झालं असतं विचार करा. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे सात वर्षांच्या असताना ब्रह्मदेशातून त्याच शाळेच्या वसतिगृहात राहायला आल्या. त्यापुढे साडेपाचच्या ऐवजी सातची एसटी म्हणजे काहीच नाही. सासूबाईंच्या काळजीला नावं ठेवत नाही, अंधारातल्या स्टँडची भीती खरीच आहे. पण त्यावर उपाय स्टँडवरचा दिवा आणि वेळेवर गाडी हा आहे, पोरीचा खेळ बंद करणं नाही.

माणदेशी_आई

सगळ्यांचे मनापासून आभार, पीटी बाईंचे तर विशेष. काल परत शाळेत जाऊन आले. बाथरूम बघितलं, पाणी आहे, एका दाराची कडी तुटलीय ती बाईंना दाखवली, त्यांनी वहीत लिहून घेतली. आमच्या रूटच्या चार मुली खो-खोला आहेत, म्हणून प्रॅक्टिस सकाळी आठला घ्यायला बाई तयार झाल्या. एनसीसी या वर्षी नाही असं ठरलं, थोडी रडली पण मानली. एनएमएमएसचं विचारलं तर म्हणाल्या शनिवारी शाळा सुटल्यावर तास असतो, तिथं पण नाव घातलं, मिस्टर त्यामुळं खूश. सासूबाई अजून गप्प आहेत, पण काल नातीला विचारत होत्या खो-खोत खो कसा देतात ते.

एक शेवटचं, बूट घ्यावे लागतील का? मैदान मुरमाचं आहे.

पीटी_बाई_सांगली

मुरमावर अनवाणी नको, तळपाय सोलतात. साधे कॅनव्हासचे घ्या, तळ पातळ आणि खरबरीत बघा, जाड सोलचे फॅन्सी बूट वळताना घसरतात. अगदी मापाचेच घ्या, वाढत्या पायाचे म्हणून मोठे घेऊ नका, घोटा मुरगळतो. आणि सकाळी आठला प्रॅक्टिस म्हणजे उपाशी पाठवू नका, भाकरी-दूध खाऊन येऊ दे.