मदत हवी आहे : बोलोन्याची खाद्यभ्रमंती आणि शाकाहारी आई

नमस्कार मंडळी,
ऑक्टोबरमध्ये आई-बाबांना घेऊन इटलीला जातेय. बोलोन्यात गाईडबरोबर चालत फिरायची फूड टूर करावी असं फार मनात आहे. पियाझ्झा माज्जोरे या मुख्य चौकाच्या शेजारच्या क्वाद्रिलातेरो भागातल्या अरुंद गल्ल्या, टांगलेली हॅम, चीजची चाकं, हाताने लाटलेला पास्ता, हे सगळं जाणकार माणसाकडून समजून घ्यायचंय. बाबा सगळं खातात. आई अंडं खाते, पण मांस-मासे अजिबात नाही.

अडचण अशी की तिथे मांस दिसत नाही अशा पदार्थांतही असतं. तोर्तेल्लिनी या छोट्या भरलेल्या पास्त्याच्या सारणात डुकराचं मांस, वर मांसाचाच रस्सा. क्रेशेंतिने या तळलेल्या पावासारख्या पदार्थात परंपरेने डुकराची चरबी. आणि पार्मिज्यानो रेज्यानो (पार्मेझान) हे चीज तर वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं विरजण, घालूनच करतात, त्यामुळे रिकोटा हे मऊ चीज भरलेल्या तोर्तेल्लोनी या मोठ्या पास्त्यातही पार्मिज्यानो असलं तर आईला चालणार नाही. तिला फसवून खायला घालायचं नाही, हे पक्कं.

तर कुणी शाकाहारी माणसाला घेऊन अशी टूर केली आहे का? आधी कळवलं तर गाईड खरंच वेगळं काही देतात, की नुसतं सॅलड पुढे करतात? तिघांसाठी खासगी गाईड घेणं बरं का? आईचे गुडघे दुखतात. पोर्तिकोंमुळे (रस्त्याकडेच्या छताखालच्या कमानदार वाटा) ऊन-पावसाची चिंता नाही, पण मध्ये बसायला मिळतं का, की सगळं उभ्यानेच खायचं? सकाळची टूर बरी की संध्याकाळची?

स्वतःचा अनुभव असेल तर जरूर सविस्तर लिहा.