सळईच्या धार-संचात कोन किती अंशांचा ठेवावा?

ठाणेकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. पाते क्लॅम्पमध्ये धरायचे आणि दगडाची सळई ठरावीक भोकातून पुढेमागे सरकवायची, अशा प्रकारचा धार लावण्याचा संच मी दोन महिन्यांपूर्वी घेतला. त्याच्या भोकांवर १७, २०, २५ आणि ३० असे अंश छापलेले आहेत. घरात तीन सुऱ्या आहेत: भाजीची साधी स्टेनलेस सुरी, व्हीजी-१० पोलादाची जपानी सांतोकू आणि मासे कापायचा जाड सुरा. पहिल्या उत्साहात मी तिघींनाही १७ अंशांचीच धार लावली. कागद सरसर कापला गेला खरा, परंतु साधी सुरी आठवडाभरातच टोमॅटोच्या सालीवरून घसरू लागली आणि सुरमईचे डोके फोडल्यावर सुऱ्याची धार दोन ठिकाणी चेपली. शिवाय सांतोकूच्या टोकाकडे धारेचा चकचकीत पट्टा मधल्यापेक्षा जवळजवळ दुप्पट रुंद झाला आहे. कुठे ३० अंश लिहिलेले असतात, कुठे त्याच सुरीला १५. यांतले खरे काय मानावे?

जुना फिटर

शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो. काही जण एका बाजूचा कोन सांगतात, तर काही जण दोन्ही बाजूंचा मिळून. स्पायडरको कंपनीच्या शार्पमेकर या धार-संचावरचे ३० आणि ४० हे आकडे दोन्ही बाजूंचे आहेत, म्हणजे एका बाजूस १५ आणि २०. तुमच्या भोकांवरचे आकडे एका बाजूचे आहेत. तेव्हा १५ आणि ३० ही एकाच धारेची दोन वर्णने असू शकतात.

मात्र भोकावरचा आकडा म्हणजे पात्यावर बसणारा कोन नव्हे. सळई ज्या भोकात टेकते त्या आधारबिंदूची उंची तेवढीच राहते आणि पाते रुंद असले की धार त्या बिंदूपासून दूर जाते, त्यामुळे कोन उतरतो. समजा, धार आधारापासून ७० मिमी अंतरावर असताना कोन २० अंश आहे. २० मिमी अधिक रुंद पाते लावले, तर तोच कोन १६ अंशांच्याही किंचित खाली येतो. तुमच्या सुऱ्याच्या बाबतीत असेच झाले असावे: छापील १७, प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी.

टोकाकडच्या रुंद पट्ट्याचे मूळही यातच आहे. लांब पात्यावर कोन सतत उतरत जातो असे बऱ्याच जणांना वाटते, पण सरळ धारेवर तसे होत नाही, कारण आधारबिंदू आणि धारेची रेषा मिळून एकच प्रतल ठरते. फरक पडतो तो धार वळते तिथे. क्लॅम्प मुठीकडे लावला की टोकाकडचा कोन कमी होऊन पट्टा रुंदावतो, तर क्लॅम्प टोकाच्या फार जवळ नेला की उलटे घडते. क्लॅम्प एकेक सेंटिमीटर टोकाकडे सरकवून पाहा आणि योग्य जागा सापडली की पात्याच्या पाठीवर खूण करून ठेवा.

कोन ठरवण्यापूर्वी धारेचा पट्टा काळ्या मार्करने रंगवा आणि सर्वांत बारीक दगड एकदोनदाच हलका फिरवा. शाई फक्त पाठीकडच्या कडेची गेली तर तुमचा कोन कमी आहे, अगदी धारेवरचीच गेली तर जास्त आहे आणि सगळी गेली तर मूळ कोन सापडला.

मासेखाऊ

वरील भूमिती मान्य आहे, परंतु मूळचा कोन हाच योग्य कोन असे मात्र मी मानत नाही. साधे मऊ पोलाद फार बारीक कोनावर वळते, कठीण पोलादाची कपची उडते. व्हीजी-१० ची कठीणता रॉकवेल मापावर ६० च्या आसपास असते, त्यामुळे सांतोकूला १५ अंश सहज पेलतात. फक्त तिने नारळ किंवा सुरण फोडू नये. साध्या सुरीला २० द्यावेत, आणि काटे व डोकी फोडणाऱ्या सुऱ्याला २५ पेक्षा कमी देऊच नयेत. (विळीला यात कोणी ओढू नका, ती या क्लॅम्पमध्ये बसायची नाही.)

साध्या सुरीची धार आठवड्यात गेली याचा सगळा दोष कोनावर ढकलण्याआधी बर तपासा. घासताना पलीकडच्या बाजूला उठणारी ती बारीक कोर राहून गेली, तर तीच कागद सुरेख कापते आणि चार दिवसांत मोडून पडते. शेवटी दोन्ही बाजूंना आळीपाळीने, केवळ दगडाच्या वजनाने, दहाबारा हात फिरवावेत.

ठाणेकर

दोघांचेही आभार. काल मार्कर लावून पाहिला. सुऱ्यावर १७ च्या भोकातून शाई पूर्ण गेली, म्हणजे मीच पाडलेला कोन सापडला! २० च्या भोकातून फक्त धारेवरची गेली. साध्या सुरीला बोट आडवे लावले, तर उजव्या बाजूला बर स्पष्ट अडकते. आता सुरा पुन्हा पूर्ण घासावा लागेल काय?

जुना फिटर

मुळीच नको. आहे तो पट्टा तसाच राहू द्या आणि २५ किंवा ३० च्या भोकातून बारीक दगडाचे मोजके हात मारून धारेवर केसाएवढा दुसरा पट्टा पाडा. भोक निवडताना आकड्यावर विसंबू नका. आधारापासून धारेपर्यंतचे अंतर पट्टीने मोजा.