नोकरी एडिनबऱ्यात, पण घर ग्लासगोत: मला तरी हेच पटतंय

ओली_छत्री:

नमस्कार मंडळी. आम्ही तिघं, मी, नवरा आणि सहा वर्षांची लेक, चार वर्षं अ‍ॅबरडीनला काढून आता खाली सरकतोय. नवऱ्याला एडिनबऱ्यात नोकरी लागलीये, ऑफिस एडिनबरा पार्क स्टेशनच्या बाजूलाच, आठवड्यातून दोन दिवस हजेरी, बाकी घरून. माझं फार्मसीतलं काम, ते दोन्हीकडे मिळेल. ज्याला सांगावं तो म्हणतो मग एडिनबऱ्यातच घर घ्या, त्यात विचारायचं काय. पण गेले तीन महिने शनिवार-रविवार दोन्ही शहरं पायाखाली घातल्यावर माझं मत उलटं झालंय. खोडायचं असेल तर जरूर खोडा, फक्त पुणे-मुंबई टाईप चिडवाचिडवी नको, आमची आयुष्याची पुंजी यात जाणार आहे.

आधी पैशाचं. एडिनबऱ्यात लीथला दोन बेडरूमचा फ्लॅट आवडला, 'ऑफर्स ओव्हर' लावलेला, म्हणजे लिहिलेल्या आकड्याच्या वर बोली लावायची. ज्यांना इथली पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, विकणारा होम रिपोर्ट देतो, त्यात सर्व्हेयरने काढलेली किंमत असते, मग क्लोजिंग डेटला प्रत्येकाने आपापल्या वकिलामार्फत एकच आकडा द्यायचा, दुसऱ्याने किती दिला ते कळत नाही. आणि बँक कर्ज देते ते होम रिपोर्टच्या किमतीवर, त्यावर जे द्याल ते स्वतःच्या खिशातून. आम्ही 12 हजार पौंड वर दिले, गेला. मग मार्चमाँटला 20 हजार वर दिले, तोही गेला. ग्लासगोत पण क्लोजिंग डेट असतेच, पण मुळात सरासरी किमतीतच दोन शहरांत ढोबळमानाने लाखभर पौंडांचा फरक आहे, तेवढ्यात लेकीला स्वतःची खोली मिळते.

आणि माणसं. डेनिस्टनला एक घर बघायला गेलो, एजंट चाळीस मिनिटं उशिरा, पाऊस असा की छत्रीचा उपयोग नाही. आम्ही क्लोजमध्ये जाऊन उभे राहिलो. ग्लासगोत क्लोज म्हणजे इमारतीचा सामाईक जिना आणि बोळ, जुन्या इमारतींत भिंतींना खांद्याइतक्या उंचीपर्यंत चकचकीत टाइल्स असतात, इथे गडद हिरव्या होत्या आणि वर एक तपकिरी पट्टी, लेक त्यावरून बोट फिरवत बसली होती. तळमजल्यावरच्या आजींनी दार उघडलं, काही विचारायच्या आधी टॉवेल दिला, लेकीला बिस्किट दिलं, आणि सांगितलं की वरच्या घराची मागची खिडकी गळते, मी तुम्हाला सांगितलं म्हणून सांगू नका. ते घर आम्ही घेतलं नाही. पण त्या दिवशी परतताना गाडीत मी नवऱ्याला म्हटलं, मला इथे राहायचंय.

लीथकर:

असहमत, आणि जरा कळकळीने लिहितेय कारण हीच चूक आम्ही केली होती. घर ग्लासगोत, माझी नोकरी एडिनबऱ्यात, दोन वर्षं. ग्लासगोचं क्वीन स्ट्रीट स्टेशन ते एडिनबऱ्याचं वेव्हर्ली स्टेशन पन्नास मिनिटं हे ऐकायला छान वाटतं, पण घरापासून क्वीन स्ट्रीट, मग इकडे उतरून ऑफिस, म्हणजे दाराशी दार पावणेदोन तास. हिवाळ्यात वारा सुटला की गाड्या रद्द. मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता, मी घरात शिरायची तेव्हा तो झोपलेला असायचा आणि त्याच्या उशाशी शाळेत काढलेलं चित्र ठेवलेलं असायचं, मला दाखवायला. असे किती दिवस गेले ते मी मोजले नाहीत आणि मोजायची इच्छाही नाही.

आता लीथमध्ये राहतो. जून 2023 पासून ट्रॅम लीथमधून पुढे न्यूहेवनपर्यंत आलीये. तुमच्या मिस्टरांचं ऑफिस एडिनबरा पार्कला आहे ना, मग इथल्या फूट ऑफ द वॉक स्टॉपला ट्रॅममध्ये बसायचं ते थेट तिथेच उतरायचं, गाडी बदलायची नाही, टाइमटेबल बघायचं नाही, आणि तीच ट्रॅम पुढे विमानतळावर जाते त्यामुळे आई-बाबा येतात तेव्हा त्यांना आणायला कार लागत नाही. ग्लासगोच्या विमानतळाला आजही रेल्वे नाही, बसने जावं लागतं. शाळा, दवाखाना, लायब्ररी, वॉटर ऑफ लीथ नदीच्या काठची पायवाट, सगळं चालत. ग्लासगोत चेरिंग क्रॉसला उभं राहून बघा, अख्खा एम 8 मोटरवे शहराच्या पोटातून गेलाय. लहान मूल घेऊन तिथून चालायला मला कधीच आवडलं नाही.

आणि प्रेमळ शेजारी आमच्या जिन्यातही आहेत हो. एका टॉवेलवर तीस वर्षांचं कर्ज काढू नका.

पार्टिककर:

लीथकर ताई, तुमचं दुःख खरं आहे, पण तुम्ही रोज जात होतात, हे दोन दिवस जाणार आहेत, त्यात फरक आहे ना. शिवाय एडिनबरा पार्कसाठी क्वीन स्ट्रीटच्या वरच्या स्टेशनात जायचीच गरज नाही. 2010 साली एअरड्री-बाथगेट लाइन परत सुरू झाली, त्या गाड्या ग्लासगोतल्या पार्टिकवरून जातात आणि न बदलता एडिनबरा पार्कला पोचवतात. वेळ जास्त लागतो, सव्वा तास धरा, पण एकदा जागा मिळाली की लॅपटॉप उघडून काम होतं, मी स्वतः करतो. आणि सप्टेंबर 2025 पासून स्कॉटरेलने पीक टाईमचं जादा भाडं कायमचं बंद केलं, दोन शहरांमधलं सकाळचं रिटर्न तिकीट जवळजवळ निम्म्यावर आलं. आधी हाच खर्च माणसाला मारायचा.

माणसांबद्दल मात्र मी ओली_छत्री यांच्याच बाजूने. इथले लोक एडिनबराकरांबद्दल म्हणतात की ते दारातच विचारतात, चहा पिऊनच आला असाल ना. मला हे आधी उगाच वाटायचं, पण एडिनबऱ्यात तीन वर्षं राहिलो, शेजाऱ्याचं नाव कळलं ते त्याचं पार्सल माझ्याकडे आलं तेव्हा. इथे डिसेंबरात बॉयलर बंद पडला, बायको बाळंतपण होऊन आठ दिवस झालेले, समोरच्या काकांनी त्यांचे दोन्ही हीटर आणून दिले आणि स्वतः कोट घालून बसले. दोन रात्री.

मार्चमाँटकर:

मी एडिनबऱ्यात अकरा वर्षं आहे आणि तरी सांगतो, ग्लासगोत घ्या. कारण कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो: फॅक्टर.

दोन्हीकडे शंभर-दीडशे वर्षं जुन्या दगडी इमारती, छप्पर सगळ्यांचं मिळून. ग्लासगोत बहुतेक इमारतींना फॅक्टर असतो, म्हणजे देखभाल बघणारी कंपनी, सगळ्यांकडून पैसे गोळा करून काम करून घेते. लोक शिव्या देतात फॅक्टरला, पण काम कोणाचं हे ठरलेलं असतं. आमच्याकडे एडिनबऱ्यात पुष्कळ जिन्यांना फॅक्टरच नाही, आठ घरमालकांनी आपापसात ठरवायचं. 2004 च्या कायद्याने बहुमत पुरतं, पण बहुमत जमवायला माणसं सापडायला तर हवीत. आमच्या जिन्यात दोन घरं पर्यटकांना भाड्याने दिलेली, मालक परदेशात, मेलला उत्तर नाही. मी सगळ्यात वर राहतो. छपराची शिशाची पट्टी सरकली होती, बस्स, एवढंच, आणि चौदा महिने माझ्या झोपायच्या खोलीत बादली होती. रात्री त्यात थेंब पडायचा आवाज बायकोला सहन होईना म्हणून आत जुना टॉवेल टाकून ठेवायचो. शेवटी सगळा खर्च मी केला आणि अजून तिघांकडून पैसे यायचेत.

2022 मध्ये काउन्सिलने सगळं शहर शॉर्ट टर्म लेटसाठी, म्हणजे पर्यटकांना थोड्या दिवसांसाठी घर भाड्याने देण्यासाठी, नियंत्रणाखाली आणलं, चांगलंच केलं, पण ऑगस्टमध्ये फेस्टिव्हल आला की आमच्या जिन्यात चाकाच्या बॅगांचा खडखडाट रात्री दोनला असतोच. मला हे शहर फार आवडतं, संध्याकाळी मेडोजच्या मैदानातून घरी चालत येताना आर्थर्स सीटचा डोंगर दिसतो तेव्हा दिवसाचा शीण जातो. पण घर म्हणून विचाराल तर थकलोय.

शॉलंड्सकर:

मी उलटा. ग्लासगोत, साउथसाइडला, सात वर्षं, आणि माझा सल्ला एडिनबरा.

मंडळी ग्लासगोचं कौतुक करतात ते बहुतेक वेस्ट एंडचं असतं. सबवे, म्हणजे भुयारी रेल्वे, 1896 चा, लंडन-बुडापेस्टनंतरचा, वगैरे अभिमान ठीक आहे, पण तो पंधरा स्टेशनांचा एक गोल आहे, माझ्या भागात येतच नाही. बस खाजगी कंपन्यांच्या, आणि रात्री घरी यायचं तर बायकोला टॅक्सी करावी लागते. एडिनबऱ्यात लोथियन बस काउन्सिलांच्या मालकीची आहे, रात्रीसुद्धा धावते. पार्टिककर दादा, तुम्ही स्टेशनजवळ राहता, सगळे नाही राहत.

दुसरं, पाऊस. एडिनबऱ्यात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर, इथे 1100 च्या वर. कोकणातला माणूस म्हणेल हे काय पाणी आहे, पण इथला पाऊस कोसळून मोकळा होत नाही, तो नोव्हेंबरात लागतो आणि भिजलेल्या गोधडीसारखा अंगावर राहतो. माझ्या आईने इथे आल्यावर तिसऱ्या आठवड्यात खिडकीशी बसणं सोडून दिलं.

तिसरं, आणि हे मला लिहायला जड जातंय. स्कॉटलंडमधलं सगळ्यात कमी आयुर्मान ग्लासगोचं आहे. हे आकडे गरिबीमुळे आहेत, शिपयार्ड आणि कारखाने गेल्यावर जे झालं त्यामुळे आहेत, आणि घर घेणाऱ्याला त्यातलं किती लागू होतं हा वेगळा प्रश्न. पण ते दुःख रस्त्यावर दिसतं, मुलं बघतात, विचारतात.

स्प्रिंगबर्न_इंजिन:

थोडं विषयांतर. कारखान्यांचा विषय निघाला म्हणून, ग्लासगोतल्या स्प्रिंगबर्नमध्ये बनलेली वाफेची इंजिनं आपल्याकडच्या रेल्वेवर धावलीत, त्या गल्ल्यांत फिरताना मला भुसावळ आठवतं. आज तिथे इंजिनं बनत नाहीत. शॉलंड्सकर म्हणतात ते खरं आहे, पण म्हणूनच मला हे शहर परकं वाटत नाही, गिरण्या बंद पडल्यावरचं लालबाग-परळ ज्याने पाहिलंय त्याला कळेल. एडिनबरा सुंदर आहे, पण माझा जीव तिथे लागला नाही.

लीथकर:

जीव लागणं वेगळं आणि मूल वाढवणं वेगळं. ओली_छत्री, मला एकाच प्रश्नाचं उत्तर द्या. दुपारी बाराला शाळेतून फोन आला, लेकीला ताप आहे, येऊन घेऊन जा. कोण जाणार?

ओली_छत्री:

लीथकर ताई, तुमचा प्रश्न वाचून आम्ही दोघं रात्री बसलो आणि खरंच त्याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं, मी 'काहीतरी करू' म्हणत होते. आता ठरवलंय, मी काम ग्लासगोतच शोधणार, शाळेपासून चालत जाता येईल असं, म्हणजे बाराचा फोन माझा. आणि दोन दिवसांची हजेरी नवऱ्याने करारात लिहून घेतलीये, नुसतं तोंडी नाही. चार दिवसांची झाली असती तर मी तुमचं ऐकून लीथलाच परत बोली लावली असती, हे मनापासून सांगते.

पार्टिककर दादांच्या गाडीने मंगळवारी जाऊन पण आलो, सुट्टी होती म्हणून लेकीला घेऊन. एअरड्रीच्या पुढे उघडं माळरान लागलं, ती काचेला नाक लावून बसली होती. नवरा म्हणाला, एवढा वेळ मला एरवी एकट्याला कधी मिळतो. वेळ तर जाणारच आहे, पण तो त्याला जड वाटत नाहीये. शॉलंड्सकर, तुमच्यामुळे साउथसाइड सोडून स्टेशनजवळच बघायचं ठरवलं, भाजीपाला आणि पोहे-साबुदाण्यासाठी अ‍ॅलिसन स्ट्रीटला महिन्यातून एकदा जाऊ. पावसाला माझ्याकडे उत्तर नाही. लेक माझी पावसात खेळते एवढंच.

पार्टिकला एक घर मिळालंय, दुसरा मजला, टाइल्सचा क्लोज, लाल दगड. मार्चमाँटकर, आत पाऊल टाकायच्या आधी फॅक्टर कोण ते विचारलं, आहे, आणि गेल्या तीन वर्षांची बिलं मागवलीत. क्लोजिंग डेट गुरुवारी दुपारी बारा.

लीथकर:

माझं मत बदललेलं नाही. होम रिपोर्टमध्ये छपरापुढे आकडा काय आहे? 3 असेल तर तातडीचं काम असतं, हात लावू नका. आणि मागच्या बाजूची पन्हळ बघा, फोटोत नाही दिसत, अंगणात जाऊन मान वर करून बघावी लागते.

ओली_छत्री:

छपराला 1, पन्हळीला 2. उद्या सकाळी अंगणात जाऊन बघून येते.