शब्दचर्चा : सल्लागार, सहभागी की वाटाड्या?

कोथरूडची ताई : माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, पंधरा वर्षं झाली. कुटुंबांच्या मानसिक आरोग्यावर संशोधन करणाऱ्या एका गटाचं परवा पत्र आलं. अभ्यासात काय विचारायचं, कसं विचारायचं, हे आमच्यासारख्या घरच्यांनी बसून ठरवायचं म्हणे. आमच्यासाठी शब्द वापरलाय 'समुदाय सल्लागार मंडळ सदस्य'. आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, "सल्ला? आपण? डॉक्टरांना?" आणि 'समुदाय' ऐकून तिला जातपंचायतच आठवली. घरात बोलता येईल असा शब्द सुचवा.

पेठेतला म्हातारा : 'लोकसहभाग' आहे की. पाणलोटापासून स्वच्छतेपर्यंत सगळीकडे चालतो.

कोथरूडची ताई : काका, तिथेच अडतं. बंधारा कुठे घालायचा ते ठरल्यावर श्रमदानाला बोलावतात, तो लोकसहभाग. आपल्या महापालिकेच्या 'हरकती व सूचना'सुद्धा आराखडा छापून झाल्यावरच.

भाषांतरवाली : मी संमतीपत्रांची भाषांतरं करते. ज्याच्यावर अभ्यास व्हायचा त्याला इंग्रजीत पूर्वी 'सब्जेक्ट' म्हणत. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांच्या नावातच 'पार्टिसिपंट' आहे, वैद्यकीय संशोधनाच्या नीतिनियमांचा जागतिक हेलसिंकी जाहीरनामा आहे, त्याने तो २०२४मध्ये घेतला. त्याचा आम्ही 'सहभागी' करतो. आता फॉर्म भरणारा सहभागी आणि फॉर्ममध्ये काय असावं ते ठरवणाराही सहभागीच म्हटला, तर फरक कळणार कसा? अभ्यास नीतीला धरून आहे का ते तपासणाऱ्या नैतिकता समितीत डॉक्टर-संशोधक नसलेला एक सदस्य असतो, त्या 'ले पर्सन'चं आम्ही 'सामान्य व्यक्ती' करतो. पंधरा वर्षं औषधांच्या वेळा सांभाळणारी बाई कशाने सामान्य?
तुमच्या पुण्यात 'सा'च्या (स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन) बैठकांत आजारी माणसाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. तोच घ्या.

कोथरूडची ताई : घरी वापरतो आम्ही. पण पेपरात स्पर्धेच्या बाहुल्यालाही शुभंकरच म्हणतात, त्यामुळे भाऊ मला चिडवतो की तू वाघाचं तोंड घालून मैदानात नाचणारी. तरी 'काळजीवाहू'पेक्षा बरा, त्याने तर मुख्यमंत्रीच आठवतो! पण शुभंकर मी घरात. त्या टेबलाशी बसल्यावर कोण?

डोंगरवेडा : वाटाड्या! गडावर जाताना पायथ्याच्या गावातला घेतो तो. नकाशा आपल्याकडे असतो, पण पावसात कुठली वाट खचते ते त्याला ठाऊक.

पेठेतला म्हातारा : शब्द झकास. पण गड कुठला चढायचा हे वाटाड्या ठरवतो का? तुम्हीच ठरवता. मग पुन्हा श्रमदानच.
आणि ताई, बोलावलंय कोणाला, नुसत्या घरच्यांना? भावाला नाही? २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात आपला प्रतिनिधी नेमायचा हक्क त्याचा स्वतःचा आहे, आणि इथे त्याला विचारतही नाहीत? आमच्या लहानपणी 'कुटुंब' म्हणजे बायको. आता कुटुंब म्हणजे आजारी माणूस सोडून बाकीचे, असं झालंय की काय!

कोथरूडची ताई : बरोबर बोललात काका, माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. त्यांना कळवलं, दोन खुर्च्या वाढल्या.

काल पहिली बैठक झाली. कच्च्या प्रश्नावलीत होतं, 'रुग्णाचं तुम्हाला किती ओझं वाटतं?' आई म्हणाली, "ओझं म्हटलं तर मी शून्य लिहीन. पोराचं कसलं ओझं? ओढाताण विचारा. लग्नाला जायचं की याच्याजवळ थांबायचं, याच्या गोळ्या की माझा गुडघा." शेजारच्या बाई म्हणाल्या, ओढाताण मला रोजची, दहापैकी दहा लिहीन. एक शब्द बदलला आणि शून्याचे दहा झाले. संशोधकबाईंनी तो प्रश्न खोडला. भाऊ म्हणाला, पहिला प्रश्न मला विचारा, घरच्यांचं मला किती ओझं वाटतं. तो अजून चर्चेत आहे.

भाषांतरवाली : मग शब्द कुठला ठरला?

कोथरूडची ताई : टेबलावरच्या पाटीवर 'सदस्य'च होतं. भावाला 'वाटाड्या' आवडला. म्हणतो, वाटाड्याला पैसे मिळतात ना?

डोंगरवेडा : मिळतात. पण पायथ्यालाच ठरवून घ्यायचे.