रग्बी वर्ल्ड कप 2027: आफ्रिकेची हॅटट्रिक होत नाही, लिहून ठेवा

बॉक्सकिक
3 डिसेंबर 2025 ला ड्रॉ निघाला तेव्हापासून आमच्या ग्रुपवर एकच पालुपद चाललंय, कप साउथ आफ्रिकेचाच, बाकीचे ऑस्ट्रेलियात कांगारू बघायला येणार. म्हणून माझं भाकीत एकदाच जाहीर लिहून टाकतो, म्हणजे नोव्हेंबर 2027 मध्ये शिव्या घालायला सोपं जाईल. 2019 आणि 2023 चा कप जिंकलेली साउथ आफ्रिका सलग तिसऱ्यांदा जिंकत नाही. कप फ्रान्स नेणार.

ज्यांनी लक्ष ठेवलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: यावेळी 20 च्या जागी 24 टीम, चार-चारचे सहा गट, प्रत्येक गटातले पहिले दोन पुढे आणि तिसऱ्या नंबरच्या सहांतले त्यातल्या त्यात बरे चार, असे 16 जण बाद फेरीत. 1 ऑक्टोबरला पर्थला सुरू, 13 नोव्हेंबरला सिडनीत फायनल, माझ्या घरापासून दहा-बारा किलोमीटरवर.

आता मुद्दा. आफ्रिकेच्या गटात इटली, जॉर्जिया, रोमानिया, तिथे काही अडत नाही. पण आफ्रिका आणि न्यूझीलंड दोघेही आपापल्या गटात पहिले आले तर क्वार्टर फायनललाच समोरासमोर येतात. म्हणजे 2023 ची फायनल यावेळी दोन पायऱ्या आधीच. आणि 2023 ला आफ्रिका जिंकली कशी ते आठवा, फ्रान्सविरुद्ध 29-28, इंग्लंडविरुद्ध 16-15, न्यूझीलंडविरुद्ध 12-11. तीन मॅच मिळून तीन पॉइंट! एवढ्या काठावरून माणूस एकदा चालतो, दोनदा चालतो. त्यात त्यांचा कॅप्टन कोलिसी तोवर 36 चा आणि त्यांचाच एट्झेबेथ स्पर्धा चालू असतानाच 36 पूर्ण करणार. न्यूझीलंडने 2011 आणि 2015 असे लागोपाठ दोन नेले, तिसऱ्याला 2019 च्या सेमीत इंग्लंडने 19-7 ने घरी पाठवलं. सलग तीन आजवर कुणालाच जमलेलं नाही, ते काय उगाच?

ठाणेकरीण
बॉक्सकिकराव, साफ असहमत. त्या तीन पॉइंटांना तुम्ही नशीब म्हणताय, मी म्हणते तोच त्यांचा खेळ आहे.

2023 ची फायनल 28 ऑक्टोबरला होती, आपल्याकडे कोजागिरी आणि वर चंद्रग्रहण. सोसायटीच्या गच्चीवर सगळे जमलेले पण ग्रहण म्हणून सासूबाईंनी दूध संध्याकाळीच उरकून घेतलं होतं, साडेबाराला मॅच सुरू झाली आणि मी पाण्याच्या टाकीच्या आडोशाला मोबाईल घेऊन बसले. एकीकडे चंद्राला खालून जरासा घास लागलेला आणि इकडे न्यूझीलंडचा कॅप्टन सॅम केन याचं पिवळं कार्ड लाल झालेलं, फायनलमध्ये रेड कार्ड मिळालेला पहिलाच माणूस. तरी 15 च्या जागी 14 जणांत न्यूझीलंडने ट्राय मारला (गोललाइनपलीकडे बॉल टेकवला), पण मोउंगाचं कन्व्हर्जन, म्हणजे ट्रायनंतरची जादा पॉइंटांची किक, हुकलं. मग शेवटच्या सात-आठ मिनिटांत आफ्रिकेच्या कोल्बेला पिवळं मिळालं, म्हणजे दहा मिनिटं बाहेर, तो खुर्चीत बसला तो जर्सी तोंडावर ओढून, बघवेना त्याला. न्यूझीलंडच्या जॉर्डी बॅरेटने लांबून पेनल्टी मारली, गेली बाहेर. संपेपर्यंत स्कोअर 12-11 तसाच, आफ्रिकेचे बाराच्या बारा पॉइंट पोलार्डच्या चार पेनल्टीचे.

मला सांगा, एकदा असं झालं तर नशीब. सलग तीन शनिवार-रविवार, तीन वेगळ्या टीम, आणि प्रत्येक वेळी शेवटच्या दहा मिनिटांत समोरचाच चुकतो? ते चुकत नाहीत, चुकायला लावलं जातं. सत्तराव्या मिनिटाला समोरच्याच्या मांड्यांत जीव उरलेला नसतो.

आणि क्वार्टर फायनलच म्हणाल तर 13 सप्टेंबर 2025 आठवा, वेलिंग्टन, न्यूझीलंड 10, आफ्रिका 43. न्यूझीलंडच्या इतिहासातला सगळ्यात मोठा पराभव, तोही स्वतःच्या अंगणात.

बॉक्सकिक
ताई, त्याच्या आदल्याच शनिवारी ऑकलंडच्या ईडन पार्कला न्यूझीलंड 24-17 जिंकलं होतं, ते सोयीस्कर विसरलात. (तिथे ते 1994 पासून हरलेलेच नाहीत, पण वर्ल्ड कप ईडन पार्कला नाहीये, तेवढं मान्य.) आणि ऑगस्टमध्ये जोहान्सबर्गच्या एलिस पार्कला ऑस्ट्रेलियाने काय केलं? 22-0 ने मागे होते, 38-22 ने जिंकले. आफ्रिका थकत नाही म्हणता, तर त्या दिवशी कुणाच्या मांड्या गेल्या होत्या?

नवखा_गडी
मधेच विचारतो, रागावू नका. मी प्रो कबड्डीवाला, रग्बी नुसती अंधेरीला 2025 मध्ये ती सेव्हन्सची लीग झाली तेव्हा मित्राबरोबर जाऊन बघितली. हे सत्तराव्या मिनिटाचं काय प्रकरण? बदली खेळाडू तर सगळ्यांकडेच असतात ना?

टाइटहेड_कोल्हापूर
सांगतो भावा. तू बघितलीस ती सात जणांची, चार-चार मिनिटांचे चार क्वार्टर, सगळी पळापळ. ही पंधरा जणांची, 80 मिनिटं. बेंचवर आठ जण. साधारण टीम त्यात पाच धिप्पाड फॉरवर्ड आणि तीन पळणारे बॅक ठेवते. आफ्रिकेने त्या फायनलला सात फॉरवर्ड आणि एकच बॅक ठेवला होता. म्हणजे समज तालमीत तू एका पैलवानाशी पाऊण तास झुंजलास, दम उखडलाय, आणि वस्ताद म्हणतो बरं आता हा दुसरा घे, ताजा, तेवढ्याच वजनाचा. स्क्रम म्हणजे आठ जण विरुद्ध आठ जण डोकी अडकवून रेटारेटी, तिथे कौशल्यही लागतं पण शेवटी मान आणि कंबर बोलते.

इंग्लंडविरुद्धच्या सेमीत हेच झालं बघ. इंग्लंड सगळी मॅच पुढे, पाऊस, आफ्रिकेला काही सुचत नव्हतं. मग ऑक्स न्चे आला, प्रॉप म्हणजे स्क्रमच्या पहिल्या रांगेतला, तालमीत असता तर आमच्याकडे त्याच्या नावाने मैदान झालं असतं. त्याच्या बाजूने स्क्रम चेपायला लागला, पेनल्टी मिळाली आणि पोलार्डने जवळजवळ 50 मीटरवरून घातली. पुढचं सगळं जग पोलार्डचं नाव घेतं, आमच्यासारखे लोक न्चेचं.

माझंही मत आफ्रिकाच. बॉक्सकिकदादा, वय काढताय पण त्यांच्याकडे फाइनबर्ग-म्न्गोमेझुलू आहे, सप्टेंबर 2025 मध्ये डर्बनला अर्जेंटिनाविरुद्ध एकट्याने 37 पॉइंट केले पोराने.

लेन्स्टर_काकू
डब्लिनहून सप्रेम नमस्कार आणि दुःखद प्रतिसाद.

22 नोव्हेंबर 2025 ला मी स्टेडियमात होते, आयर्लंड 13 आफ्रिका 24. आकडा बघून वाटतं बरी झुंज दिली. आमच्यावर इतकी कार्डं निघाली की एका वेळी आमचे बाराच जण मैदानात होते. पण मला लक्षात राहिला तो स्क्रम. आमच्याच गोललाइनजवळ पुन्हा स्क्रम, पुन्हा पेनल्टी, पुन्हा स्क्रम. ट्राय मारता येतोय तरी मारत नाहीत, परत स्क्रमच मागतायत! शेजारचे आजोबा पहिल्यांदा ओरडले, मग शिव्या दिल्या, मग नुसते बसून राहिले चहा हातात धरून. तो चहा शेवटपर्यंत प्यायले नाहीत ते.

तेव्हा माझं मत आफ्रिका, नाइलाजाने. आयर्लंडबद्दल विचारूच नका, आम्ही आजवर क्वार्टर फायनलच्या पुढे गेलेलो नाही, 2023 ला जगात एक नंबर असताना न्यूझीलंडकडून 28-24. यावेळी गटात परत स्कॉटलंड, सलग तिसऱ्या वर्ल्ड कपला तेच. 2019 ला 27-3, 2023 ला 36-14 आम्हीच जिंकलो, म्हणून घरात सगळे निर्धास्त आहेत आणि मला नेमकं त्याचंच टेन्शन.

तिरकस_तात्या
चालू द्या. पण 24 टीम कशासाठी? 52 मॅच, त्यातल्या 36 खेळून घरी कोण जाणार तर आठच टीम. दोन आठवडे नुसती हजेरी. इंग्लंड-झिम्बाब्वे, ऑस्ट्रेलिया-हाँगकाँग, कुणी बघायची ही कत्तल? 2003 ला ऑस्ट्रेलियाने नामिबियाला 142-0 मारलं होतं, लहान मुलांना दाखवायच्या लायकीची मॅच नव्हती ती. आणि सामोआला वर्ल्ड कपची शेवटची जागा मिळाली कशी, तर बेल्जियमशी 13-13 बरोबरी करून. बरोबरी करून वर्ल्ड कपला!

ठाणेकरीण
तात्या, 2023 ला पोर्तुगालबद्दलही असंच बोलले असतील लोक. त्यांनी फिजीला 24-23 ने हरवलं, आणि हे तेच फिजी ज्यांनी ऑस्ट्रेलियाला 22-15 ने हरवून गटातूनच बाहेर काढायला हातभार लावला. झिम्बाब्वे 1991 नंतर पहिल्यांदा येतंय, त्यासाठी कंपालाला नामिबियाला 30-28 ने हरवलंय. त्यांना इंग्लंडकडून 80 बसतील, बसू देत. टोंगाविरुद्ध काय करतात ते मला बघायचंय.

तिरकस_तात्या
बघा बघा. मी त्या दिवशी फराळाचं सामान आणायला जाईन.

बॉक्सकिक
तात्यांचं सोडा, मूळ मुद्द्यावर येतो. सगळे आफ्रिकेचं कौतुक सांगताय, फ्रान्सबद्दल कुणीच बोलेना. बिएल-बिआरे, 2003 चा जन्म, 2025 च्या सिक्स नेशन्सला (युरोपातल्या सहा टीमची स्पर्धा) एकट्याने आठ ट्राय. समोर दहा मीटर मोकळे दिसले की तो गेला, मागचे फक्त नंबर वाचतात. आणि ड्युपॉन्ट. त्याच्याइतकं खेळाचं भान असलेला नऊ नंबर (स्क्रममधून बॉल काढून देणारा) माझ्या बघण्यात दुसरा नाही. गट म्हणाल तर जपान, अमेरिका, सामोआ, म्हणजे बाद फेरीपर्यंत गुडघे शाबूत. आफ्रिकेच्या स्क्रमला उत्तर द्यायला वजन लागतं, ते फ्रान्सकडे आहे, बेंचवर सात फॉरवर्ड ठेवायची आयडिया त्यांनीही वापरलीच 2025 ला आयर्लंडविरुद्ध, विचारा काकूंना, 42-27.

लेन्स्टर_काकू
विचारू नका. पण त्याच मॅचला ड्युपॉन्टचा गुडघा गेला आणि पुढे कितीतरी महिने तो बाहेर होता, ते पण सांगा की.

टाइटहेड_कोल्हापूर
आणि नोव्हेंबर 2025, पॅरिस? लूड डी यागरला हाफटाइमच्या आधी रेड कार्ड, आफ्रिका अख्खा सेकंड हाफ 14 जणांत, तरी 32-17. फ्रान्सच्या घरात. वजन होतं तर मग कुठं ठेवलं होतं?

बॉक्सकिक
ड्युपॉन्ट नव्हता त्या मॅचला.

टाइटहेड_कोल्हापूर
आफ्रिकेचा पण एक माणूस नव्हता की, 40 मिनिटं 😄

बॉक्सकिक
बरं, हा लागला. मान्य. पण मी जे म्हणतोय ते फ्रान्सचे फॉरवर्ड भारी आहेत असं नाहीच, मी म्हणतोय की आफ्रिकेला लागोपाठ चार बाद मॅच जिंकाव्या लागणार, आधी तीन होत्या, त्यात मधेच न्यूझीलंड. त्यातून बाहेर पडले तरी सेमीला अंग ठेचलेलं असणार. फ्रान्सने नुसतं फायनलला ताजं पोचायचंय.

ठाणेकरीण
चार मॅच फ्रान्सलाही आहेतच ना? 24 टीमचा नियम फक्त आफ्रिकेसाठी केलाय का? आणि पोचून काय करणार, 1987, 1999, 2011, तीन फायनल खेळले, तीनही हरले. आफ्रिका चार फायनल खेळली, 1995, 2007, 2019, 2023, चारही जिंकली. हे मी ग्रहणातसुद्धा पाठ म्हणून दाखवेन.

शिवाय आफ्रिकेचा कोच रासी एरास्मस डोक्याने काय करेल सांगता येत नाही. 2023 च्या क्वार्टर फायनलला आफ्रिकेच्या विलेम्सेने स्वतःच्या गोललाइनपासून 22 मीटरच्या आत बॉल झेलला, मार्क (म्हणजे फ्री किक) मागितला, सगळ्यांना वाटलं आता लांब किक मारेल, तर हा हाताने खूण करून स्क्रम मागतोय! 2025 ला इटलीविरुद्ध किक-ऑफच मुद्दाम चुकीची मारली, का तर स्क्रम मिळावा. असल्या माणसाला अजून दोन वर्षं विचार करायला दिलीयेत तुम्ही.

बॉक्सकिक
2011 ची फायनल 8-7 होती, एक पॉइंट. त्याला मात्र तुम्ही नशीब म्हणणार नाही.

ठाणेकरीण
नाही म्हणणार. फ्रान्सला शेवटी चुकायला लावलं न्यूझीलंडने. नियम सगळ्यांना सारखा.

नवखा_गडी
मला एवढंच सांगा, मॅच आपल्याकडे किती वाजता दिसणार? रात्री जागायला लागणार असेल तर आई टीव्ही लावू देत नाही.

बॉक्सकिक
इथली संध्याकाळ म्हणजे तुमच्याकडे भारतात दुपार, भर दिवाळीच्या आसपास बाद फेरी. जेवण झालं की लाव. आणि ठाण्याच्या ताईंना सांग, यावेळी टाकीच्या आड बसायला नको.

ठाणेकरीण
बसणार. तिथे बसले तेव्हाच जिंकलेत.